क्लिपमधली ती बाई कोण?

मला आलेलं पत्र लांब आहे, थोडक्यात सांगते. मुलगा २५ वर्षांचा, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, बीकॉम झालेला. दोन वर्षं लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा, आता चार महिने एका उमेदवाराच्या ऑफिसात सोशल मीडिया बघतोय. साहेब त्याला मानतात, निवडून आलो की तुला पीए करतो म्हणालेत. परवा रात्री साहेबांच्या मेव्हण्यांनी त्याला एक ऑडिओ क्लिप दिली. विरोधी उमेदवार कुठल्या तरी बाईशी फोनवर बोलतोय अशी ती क्लिप, मतदानाच्या आदल्या रात्री पाच-सहा ग्रुपवर सोडायची, नवीन नंबरवरनं. तो लिहितो, "आक्का, क्लिप खरी आहे का माहीत नाही, मधे कापल्यासारखी वाटते. पण मी द आयड्स ऑफ मार्च हा सिनेमा तीनदा बघितलाय, त्यातला स्टीफन म्हणजे डिट्टो मी. तो शेवटी कडक झाला म्हणून टिकला. राजकारणात राहायचं तर हे करावंच लागतं ना? मतदानाला नऊ दिवस आहेत." खाली सही, गोंधळलेला कार्यकर्ता.

अरे गोंधळलेल्या,

नवातले दोन दिवस पत्र माझ्यापर्यंत यायलाच गेले, म्हणून उत्तर आधी देते आणि गप्पा मग मारते. ती क्लिप सोडू नकोस. नवीन नंबरवरनं नको, जुन्या नंबरवरनं नको, आणि "मी नाही सोडत, पण माझ्या मित्राला देतो, तो सोडेल" हे तर अजिबातच नको, कारण तू ते मनात ठरवून ठेवलं असशील असं मला पत्रावरनंच वाटलं.

आता सिनेमा. चार पानांतली अडीच पानं तू त्या सिनेमावरच लिहिलीयस आणि खरं सांगायचं तर मला ती वाचायला आवडली, आमच्या वेळी शाहू स्मारकला कुठला वेगळा सिनेमा लागला की आम्ही असंच बाहेर टपरीवर उभं राहून तासतासभर बोलायचो आणि घरी जाऊन बोलणी खायचो. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, २०११ चा सिनेमा, जॉर्ज क्लूनीनं काढलेला आणि गव्हर्नर मॉरिस हा उमेदवार पण तोच झालाय. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात त्यांच्या पक्षाची प्रायमरी चालू आहे, म्हणजे आपल्या भाषेत तिकिटासाठीची इलेक्शन, आणि रायन गॉसलिंगचा स्टीफन हा त्या प्रचाराच्या टीममधला दुसऱ्या नंबरचा हुशार पोरगा. ज्या नाटकावरनं हे काढलंय ते लिहिणारा बो विलिमन स्वतः २००४ साली हॉवर्ड डीन या अमेरिकन नेत्याच्या प्रचारात राबलेला, म्हणून त्यातली ऑफिसं, ती जागरणं, ते थंड झालेले कॉफीचे कप सगळं खरं वाटतं. इतकं खरं वाटतं की तुझ्यासारख्या पोराला वाटतं हा आपलाच व्हिडिओ काढलाय कुणीतरी.

पण लेका, तीनदा बघूनही तू एक गोष्ट बघितली नाहीस. स्टीफन शेवटी कडक झाला म्हणतोस, पण तो घसरायला कुठनं सुरुवात झाली ते सांग की. समोरच्या उमेदवाराचा कॅम्पेन मॅनेजर डफी फोन करतो, जरा भेट म्हणतो, आणि हा जातो. फक्त भेटायला! काही घेतलं नाही, काही दिलं नाही, एका बारमध्ये बसून बोलला आणि परत आला. आणि आपल्या बॉसला, पॉलला, लगेच सांगितलं नाही. बास, संपलं तिथंच. डफीला तेवढंच हवं होतं, पोरगा आपल्याकडं आला तर ठीक, नाही आला तरी भेटला एवढ्यावरनं तिकडनं काढून टाकतील, म्हणजे दोन्हीकडनं त्याचाच फायदा. तुझं बघ आता, मेव्हण्यांनी पेन ड्राइव्ह दिला आणि तू तो खिशात ठेवला, "बघतो" म्हणालास. हे पत्रात तू एका ओळीत उरकलंयस, पण ते "बघतो" म्हणजे मेव्हण्यांच्या हिशोबात हो आहे, बाकी सगळे तयारीला लागलेत.

आणि त्या पॉलचा सीन आठवतो का? न्हाव्याच्या दुकानाबाहेर मोठी काळी गाडी येऊन उभी राहते, पॉल दुकानातनं उठून तिच्यात जाऊन बसतो, आणि कॅमेरा बाहेरच. काचा काळ्या, आत काय बोलणं झालं एक शब्द ऐकू येत नाही, नुसती गाडी उभी दिसते, कॅमेरा हळूहळू जवळ जातो. मग दार उघडतं, माणूस उतरतो, गाडी जाते. एवढ्या वर्षांची नोकरी गेली त्याची, आपल्याला फक्त त्याचं तोंड दिसतं. मी तो सीन बघितला तेव्हा मला आपला मिरजकर तिकटीचा चौकच आठवला, तशी काळ्या काचांची पांढरी गाडी आणि तिच्यात वाकून बोलणारा कुणीतरी, हे आपण दर इलेक्शनला बघतो आणि पुढं चालायला लागतो. निष्ठा निष्ठा म्हणणारा पॉलच असा उतरला, मग तुला पीए करतो म्हणणारे साहेब तुझ्यासाठी गाडी किती वेळ थांबवतील?

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे आणि त्यासाठी मी तुझं पत्र परत काढून मोजलं. साहेब हा शब्द सतरा वेळा, मी आणि माझं हे तर मोजायच्या पलीकडं, विरोधी उमेदवार सहा वेळा, स्टीफन अकरा वेळा. आणि क्लिपमधली बाई? एकदा. "त्यात एक बाई आहे." कोण आहे, कितीची आहे, लग्न झालंय का, कुठं काम करते, तिला पोरंबाळं आहेत का, आवाजावरनं ओळखू येईल का, काही नाही.

सिनेमातपण तेच होतं बघ, म्हणून मला तो सिनेमा आवडतो आणि रागपण येतो. मॉली, ती विशीतली इंटर्न. गव्हर्नरची एक रात्र आणि तिला दिवस गेलेत. स्टीफन तिला पैसे देतो, दवाखान्यात सोडतो, नंतर घ्यायला येतो म्हणतो. मग त्याची नोकरी जाते आणि त्या गडबडीत तो तिला विसरतो. विसरतो रे! ती वाट बघत बसते आणि शेवटी एकटीच टॅक्सीनं हॉटेलवर जाते. पुढं ती गोळ्या खाऊन मरते आणि त्यानंतर हा तुझा कडक स्टीफन काय करतो, तर तिचा फोन उचलतो आणि त्याच फोनवरनं गव्हर्नरला फोन लावतो. मेलेल्या पोरीच्या नंबरवरनं! रात्री बंद हॉटेलच्या किचनमध्ये दोघं समोरासमोर उभे राहतात, स्टीफन म्हणतो तिनं चिठ्ठी लिहून ठेवलीय, चिठ्ठी मुळात नसतेच बहुतेक, आणि सौदा होतो. तू या सीनला "गूजबंप्स आले" असं लिहिलंयस. मला पण काटा आला पण वेगळ्या कारणानं, त्या किचनमध्ये दोन पुरुष तिच्या मरणावर घासाघीस करतात आणि दोघांपैकी एकालाही तिचं वाईट वाटायला वेळ नाही. दिग्दर्शकालापण फारसा नाही असं माझं मत, तिच्यामुळं गोष्ट पुढं सरकते आणि तिचं काम संपतं. या जातीच्या बऱ्याच सिनेमांत बाईचं हेच होतं.

आपल्याकडं मात्र हा प्रश्न कुणीतरी नीट विचारून ठेवलाय, १९७५ सालीच. सामना बघितलायस का? नसशील तर आज रात्री बघ, क्लिप बाजूला ठेव आणि बघ. जब्बार पटेलांचा, लिहिलाय तेंडुलकरांनी. निळू फुल्यांचा हिंदुराव म्हणजे साखर कारखाना, गाव, पोलीस, सगळं खिशात असलेला माणूस, आपल्या भागात असे हिंदुराव कसे असतात ते मी तुला वेगळं सांगायला नको. आणि लागूंचा मास्तर, पिऊन झिंगलेला, कुठनं तरी गावात आलेला म्हातारा, ज्याच्या हातात काय पण नाही. तो एकच विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? इतका साधा प्रश्न, आणि एवढ्या मोठ्या हिंदुरावाला तो झोपू देत नाही. मारुती कांबळे मधे आला. मॉलीपण मधे आली. आणि तुझ्या त्या क्लिपमधली बाईपण, हिला तर कुणी विचारलंसुद्धा नाही की बाई गं, तुझा आवाज उद्या पाच-सहा ग्रुपवर जाणार आहे.

आता तुला वाटेल आक्का मास्तरीण आहे, उपदेश करते. मास्तरीण होते, ३१ वर्षं. पण हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, मी हे केलंय म्हणून सांगते.

मी एकोणीस वर्षांची असेन. करवीर तालुक्यातलं आमचं गाव, विकास सेवा सोसायटीची इलेक्शन. तू म्हणशील सोसायटीची इलेक्शन ती काय, तर बाबा, सोसायटी हातात म्हणजे पीककर्ज हातात, आणि वर जिल्हा बँकेला मत द्यायचा ठराव पण त्याच पॅनेलच्या हातात, त्यामुळं गावात चुली वेगळ्या व्हायच्या या इलेक्शनवरनं. आमच्या चुलत्यांचं पॅनेल होतं. त्या वेळी तुमचं व्हॉट्सॲप नव्हतं, निनावी पत्रकं असायची. रात्री दाराखालनं सरकवायची, सकाळी अंगण झाडायला उठलेल्या बायकांच्या हाताला पहिली लागायची. माझं अक्षर चांगलं म्हणून त्या पत्रकांच्या प्रती काढायची स्टेन्सिल मी कापायची. ती लोखंडी टोकाची लेखणी, तो मेणाचा निळसर कागद, अक्षर चुकलं की त्यावर लावायचं ते लाल औषध, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. मजकूर चुलत्यांनी सांगितला, मी कापला. समोरच्या पॅनेलचा एक उमेदवार आणि गावात नोकरीला आलेली एक बाई, एवढंच सांगते. खरं होतं का? मी विचारलंच नाही. मला त्या वेळी फक्त एकच वाटत होतं, की एवढे सगळे मोठे पुरुष माझ्यावर विश्वास टाकतायत, माझ्याशिवाय यांचं अडतंय.

चुलत्यांचं पॅनेल आलं. गुलाल उधळला, मी पण लावून घेतला. त्या उमेदवाराचं काही बिघडलं नाही, पुढच्या वेळी तो आमच्याच पॅनेलमधनं निवडून आला, हे तुला ऐकून आश्चर्य वाटणार नाही. ती बाई पंधरा दिवसांत बदली घेऊन गेली. सामान न्यायला टेम्पो आला होता, एक कॉट, एक स्टो, दोन ट्रंका आणि कुंडीतली तुळस तिनं मांडीवर घेतली होती. बऱ्याच वर्षांनी मला ती महाद्वार रोडला दिसली, बांगड्या भरत होती, मला बघून हसली. तिला काय माहीत अक्षर कुणाचं होतं ते. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं, मी भाजी घ्यायचं निमित्त काढून पुढं गेले.

असो. तुझ्या पीए होण्याकडं येते. त्या पदाबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही, महत्त्वाकांक्षा असावी, आपल्या कोल्हापुरात तर इर्षेशिवाय फुटबॉल पण होत नाही. पण शब्द देणाऱ्याचं काय असतं ते बघायला अजून एक सिनेमा बघ, द कँडिडेट, १९७२ चा, रॉबर्ट रेडफर्डचा. हा लिहिणारा जेरेमी लार्नर पण असाच प्रचारात भाषणं लिहिणारा माणूस, सिनेटर यूजीन मॅकार्थीसाठी लिहायचा, याच्या लिखाणाला ऑस्कर मिळालंय. त्यात सुरुवातीला मॅनेजर उमेदवाराला काय लिहून देतो माहितीय? काडीपेटीच्या पाकिटाच्या आत दोनच शब्द, तू हरशील. म्हणजे तू हरणारच आहेस तर बिनधास्त मनातलं बोल, असा सौदा. आणि मग हरायचा तो जिंकायला लागतो आणि जसजसा जिंकायला लागतो तसतसं मनातलं बोलणं कमी कमी होत जातं, कुणी जबरदस्ती करत नाही, नुसतं एक वाक्य आज गाळलं, एक उद्या. शेवटी निवडून येतो आणि हॉटेलच्या खोलीत मॅनेजरला विचारतो, आता काय करायचं? मॅनेजरला उत्तर द्यायला जमत नाही, तेवढ्यात माणसं आत घुसतात. मला हा स्टीफनपेक्षा जवळचा वाटतो कारण यात कुणी मरत नाही, ब्लॅकमेल नाही, थ्रिलर म्हणावं असं काही नाही, आणि तरी माणूस हातातनं गेलेला असतो. थ्रिलरवाले एका रात्रीत सगळं घडवतात, पाऊस, गाडी, किचन. तुझ्या ऑफिसात पाऊस नसतो, वडापावचे कागद असतात आणि एसी बंद पडलेला असतो.

सिंहासन पण सांगितला असता पण तो इलेक्शनपेक्षा खुर्चीचा आहे, त्याला वेगळं पत्र लिही. फक्त एवढंच, त्यातला मुख्यमंत्री झालेला अरुण सरनाईक आपला कोल्हापूरचा, आणि सामनातला हिंदुराव, निळूभाऊच, तिथं पत्रकार दिगू झालेत. ज्याच्या नजरेसमोर सगळं चालतं, तो दिगू शेवटी कुठं पोचतो ते बघ, मग तुला कळेल नुसतं बघत राहणाऱ्याला पण सुट्टी नाही.

आता कामाचं बोलते, नीट वाच.

एक तर कायदा. निवडणुकीच्या निकालावर परिणाम व्हावा म्हणून उमेदवाराच्या खाजगी चारित्र्याबद्दल किंवा वागण्याबद्दल खोटी गोष्ट पसरवणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १७५, आधी ते आयपीसीत १७१ जी होतं. शिक्षा दंडाची आहे, हे ऐकून साहेबांचे मेव्हणे हसतील. पण कलमात नुसतं "खोटं आहे हे माहीत होतं" एवढंच नाही, "खरं आहे असं वाटत नव्हतं" हे पण येतं, आणि तू तुझ्या हातानं मला लिहून दिलंयस की मधे कापल्यासारखी वाटते. एडिटर आहेस, तुझा कान खोटं बोलणार नाही. आणि दंड राहू दे बाजूला, पोलिसांत तक्रार गेली तर सिम कुणाच्या नावाचं, फोन कुणाचा, ग्रुपला ॲडमिन कोण? साहेब नाहीत, मेव्हणे नाहीत. तू.

दुसरं, क्लिप घेऊन विरोधी उमेदवाराकडं जाऊ नकोस. तुला ते शौर्य वाटेल, पण तो स्टीफन डफीला भेटायला गेला तोच रस्ता आहे. तिथं तुझं स्वागत होईल, चहा येईल, आणि मग तू दोन्हीकडनं गेलास. त्या बाईला शोधून सांगायला पण जाऊ नकोस, तू कोण कुठला, ती घाबरेल.

साहेबांना भेट. मेव्हण्यांना वगळून, सकाळी, माणसं यायच्या आत, आणि चार वाक्यांत बोल. "साहेब, ही क्लिप मला दिलीय, ही कापलेली आहे, मी एडिटिंग करतो म्हणून मला कळतंय. उद्या कुणी तपासली तर आपल्यावर उलटेल. मी ही सोडणार नाही. बाकी सगळं काम करतो." आणि पेन ड्राइव्ह टेबलावर ठेव, स्वतःकडं कॉपी ठेवू नकोस, "सेफ्टीसाठी" म्हणून तर मुळीच नको, तिचा फोन उचलणाऱ्या स्टीफनचीच ती सवय. कदाचित साहेबांना हे माहीतच नसेल, मेव्हणे लोकांचा उत्साह वेगळाच असतो. माहीत असेल तर त्यांच्या तोंडाकडं बघ, तुला पीएच्या नोकरीचं खरं उत्तर तिथंच मिळेल.

घालवलं तर? लग्नसराई येतेय, एडिटर लागतातच, उपाशी राहणार नाहीस. ठेवलं तर एक सांगते, इलेक्शनचं खरं काम शिक. मी विधानसभेला कितीदा मतदान केंद्रावर ड्युटी केलीय. पहाटे मतदान सुरू व्हायच्या आधी मॉक पोल होतो, मशीनवर कमीत कमी ५० मतं टाकून उमेदवारांच्या सगळ्या एजंटांसमोर निकाल दाखवायचा आणि मग मशीन साफ करून सील करायचं. निम्मे एजंट त्या वेळी डोळे चोळत दारात चहा शोधत असतात. संध्याकाळी सतरा सी फॉर्मवर एकूण किती मतं झाली ते लिहून एजंटांना देतो आम्ही, तो घडी घालून खिशात कोंबतात आणि मोजणीला घरीच विसरून येतात. यादी वाचता येणारा, मतदार मेला की बदलून गेला हे गल्लीत फिरून तपासणारा, शेवटच्या तासात कुठल्या घरातनं अजून कोण आलं नाही हे माहीत असणारा पोरगा प्रत्येक पार्टीला हवा असतो आणि तो कुणाच्या मेव्हण्याला घाबरत नाही. मी असे तीन-चारच बघितले एवढ्या वर्षांत, त्यातला एक बारक्या चणीचा, सायकलवर यायचा, केंद्राध्यक्षाला पण नियम सांगायचा. आम्ही सगळे त्याला वैतागायचो. पुढं तो नगरसेवक झाला.

मतदान झाल्यावर काय झालं ते कळव, चांगलं वाईट काय असेल ते. मी वाट बघते.

आणि हो, नाव लपवलंस ते बरं केलंस, पण पत्र लिहायला कागद घेतलास तो तुमच्या साहेबांच्या पत्रकाचा पाठकोरा आहे, मागं फोटो, चिन्ह आणि वॉर्ड नंबर सगळं छापलंय. मी ते बारीक फाडून टाकलंय, काळजी करू नकोस. पुढच्या वेळी वहीचं पान वापर.